पोस्टग्रेसला पहिला पॅच पाठवताना

गिटहबवर पोस्टग्रेस-क्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या मुक्त डेटाबेसचा सगळा कोड दिसतो, म्हणून बरेच जण सवयीने तिथेच पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल स्वीकारण्याची विनंती, टाकतात. तिचा काही उपयोग होत नाही. गिटहबवरची प्रत म्हणजे प्रकल्पाच्या स्वतःच्या गिट सर्व्हरची नुसती नक्कल. खरं काम ‘हॅकर्स’ नावाच्या मेलिंग लिस्टवर चालतं, तेही ईमेलला जोडलेल्या पॅच फाइलींमधून (पॅच म्हणजे कोडमधल्या बदलांची फाइल). हे जुनाट वाटेल, पण तिथे रुळलेल्या लोकांना ते सोयीचं वाटतं, कारण एखादी ओळ कोडमध्ये का आली याची पूर्ण चर्चा वीस वर्षांनीही जशीच्या तशी शोधून वाचता येते.

पॅच आत जाईल की नाही हे कोडच्या हुशारीपेक्षा या चर्चेवर जास्त ठरतं. कमिट करण्याचा, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये उतरवण्याचा, अधिकार जगभरात मिळून ३० च्या आसपास लोकांकडे आहे. प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते, त्यामुळे तुमचा पॅच कमिट करणारा माणूस त्यातल्या चुकांची तेवढ्या वर्षांची जबाबदारी अंगावर घेत असतो. तो शंका काढणारच.

‘मर्ज’ या एसक्यूएल कमांडचं उदाहरण घ्या: जुळणारी ओळ असेल तर बदलायची, नसेल तर घालायची, हे ती एकाच वेळी करते. ती २०१८ च्या एप्रिलमध्ये, अकराव्या आवृत्तीसाठी कमिट झाली होती. पार्सर (क्वेरी वाचणारा भाग) आणि एक्झिक्युटर (ती चालवणारा भाग) यांमधल्या तिच्या रचनेवर ज्येष्ठ डेव्हलपरांनी आक्षेप घेतले आणि काही दिवसांतच ती मागे घेतली गेली. नव्याने घडवलेली मर्ज लोकांच्या हातात आली ती थेट पंधराव्या आवृत्तीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये. मुळात ज्यांनी ती लिहिली आणि कमिट केली ती अनुभवी माणसं होती. तेव्हा आपल्या पॅचवर प्रश्नांची सरबत्ती झाली तर अपमान वाटून घेऊ नये.

सुरुवात दुसऱ्याच्या पॅचपासून

माझा आग्रह असा की पहिल्यांदा स्वतःचा पॅच पाठवूच नका, दुसऱ्याचा तपासा. प्रकल्पाचा तसा संकेतच आहे: जो पॅच देतो त्याने साधारण तेवढाच कठीण असा दुसऱ्या कुणाचा तरी पॅच तपासावा. पॅच लिहिणारे पुष्कळ आणि तपासणारे थोडे, ही तिथली कायमची रड आहे. म्हणून नवख्याने केलेल्या नीट तपासणीचं स्वागत होतं आणि तुमचं नाव लोकांच्या ओळखीचं होतं.

पॅचांची नोंद ‘कमिटफेस्ट’ या पद्धतीने ठेवतात. २००८ पासून ती सुरू आहे. वर्षातून पाच वेळा, म्हणजे जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च या महिन्यांत, नवं लिहिणं बाजूला ठेवून साचलेले पॅच तपासायचे असा त्यामागचा विचार. यादीत प्रत्येक पॅचची अवस्था लिहिलेली असते: ‘नीड्स रिव्ह्यू’, ‘वेटिंग ऑन ऑथर’, ‘रेडी फॉर कमिटर’ वगैरे. पहिल्या अवस्थेतला, शे-दोनशे ओळींचा एखादा पॅच निवडा. विषय तुमच्या रोजच्या वापरातला असेल तर उत्तम. व्हॅक्यूमचा, म्हणजे टेबलमधल्या मेलेल्या ओळी साफ करण्याच्या कामाचा, त्रास ज्याने भोगलाय त्याला व्हॅक्यूमच्या पॅचबद्दल बोलायला काहीतरी असतं.

मग कोड उतरवून घ्या. मुख्य ब्रँचचं नाव ‘मास्टर’. बिल्ड करताना असर्शन तपासणी (कोडमधली गृहीतकं खरी आहेत का ते बघणं) सुरू ठेवणारा ‘कॅसर्ट’ हा पर्याय आणि डीबगची माहिती, दोन्ही चालू करा. सोळाव्या आवृत्तीपासून ‘मेसन’ वापरून बिल्ड करता येतं आणि ते जुन्या ‘कॉन्फिगर-मेक’पेक्षा वेगाने उरकतं. जुनी वाटही चालू आहे. पॅच लावण्याआधी एकदा मूळ कोड बिल्ड करून सगळ्या टेस्ट चालवून बघा. हे टाळलं तर पुढे एखादी टेस्ट पडल्यावर दोष पॅचचा की तुमच्या मशीनचा, हेच कळणार नाही.

आता पॅच ‘गिट एएम’ने लावा. लागलाच नाही तर तेवढंही कळवण्यासारखं आहे: ‘मास्टर पुढे गेलाय, रिबेस हवा’, म्हणजे पॅच ताज्या कोडवर नव्याने बसवायला हवा. लागला, तर पुन्हा बिल्ड करा, कंपायलरच्या नव्या वॉर्निंग येतात का पाहा आणि ‘मेक चेक-वर्ल्ड’ किंवा ‘मेसन टेस्ट’ चालवा. त्यानंतरचं काम महत्त्वाचं. पॅच जे करतो म्हणतो ते हाताने करून बघा आणि मग तो मोडायचा प्रयत्न करा. रिकामं टेबल द्या, नल द्या, पार्टिशन केलेलं टेबल द्या, अधिकार नसलेला यूजर वापरा, दोन सेशन एकाच वेळी चालवा, मध्येच क्वेरी रद्द करा.

जे केलं ते लिहून पाठवा. ‘चांगला पॅच, प्लस वन’ एवढ्या मेलने कुणाचंच भलं होत नाही. कोणत्या कमिटवर लावला, काय चालवलं, कुठे गोंधळ वाटला, डॉक्युमेंटेशनमधलं कोणतं वाक्य दोनदा वाचावं लागलं, हे सांगा. सी भाषेतलं फारसं कळत नसेल तरी हरकत नाही. वापरणाऱ्याच्या नजरेने केलेली तपासणी हीसुद्धा तपासणीच असते.

विषय कोणता घ्यावा

प्रकल्पाच्या विकीवर ‘टूडू’ नावाची एक लांबलचक यादी आहे आणि नवखे तिच्यावर तुटून पडतात. सांभाळून. तिथल्या बऱ्याच गोष्टी वर्षानुवर्षं तशाच राहिल्यात, कारण त्या अवघड आहेत किंवा त्या कशा व्हाव्यात यावर एकमतच नाही. क्वेरी हिंट्ससारखे (क्वेरी कशी चालवायची याची डेटाबेसला सूचना देणं) काही विषय तर असे आहेत, की त्यांवर अनेक वर्षं वाद झालेत आणि ते उकरून काढणाऱ्याला आधी जुनी चर्चा वाचायला सांगितलं जातं.

पहिल्यासाठी छोटं काहीतरी धरा. पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनात टॅब दाबल्यावर एखाद्या कमांडचा पर्याय सुचवला जात नाही, एखादा एरर मेसेज दिशाभूल करतो, डॉक्युमेंटेशनमधलं उदाहरण जुनं झालंय, एखाद्या फंक्शनला टेस्टच नाही. मोठी कल्पना असेल तर कोडच्या आधी मेल लिहा: अडचण काय, आज लोक ती कशी टाळतात, तुम्ही काय सुचवताय आणि इतर कोणते मार्ग सोडून दिलेत. मात्र तो मेल टाकण्यापूर्वी लिस्टचा जुना साठा धुंडाळा. हीच कल्पना आधी कुणीतरी मांडलेली असण्याची शक्यता दाट असते, आणि ती का बारगळली हे तुम्हाला ठाऊक आहे असं दिसलं की वाचणाऱ्याचा सूर बदलतो.

सुरक्षेतली त्रुटी सापडली तर यातलं काहीच करू नका. ती उघड लिस्टवर न टाकता प्रकल्पाच्या खासगी सुरक्षा पत्त्यावर कळवायची असते.

कोड लिहिताना

आजूबाजूच्या कोडसारखा दिसेल असा कोड लिहा. टॅब चार रकान्यांचा, महिरपी कंस स्वतंत्र ओळीवर, कॉमेंट जुन्या पद्धतीच्या स्लॅश-तारांकनात. ‘पीजीइंडेंट’ हे अवजार कोडच्या साठ्यातच आहे, ते चालवलं की बहुतेक वाद मिटतात. पण सापडलेली फाइल पूर्ण साफ करायचा मोह आवरा. पॅचमध्ये कामापुरतेच बदल असावेत. चाळीस ओळींच्या दुरुस्तीत तीनशे ओळींची झाडलोट मिसळली तर तपासणारा पुढच्या पॅचकडे वळतो.

एरर मेसेजचे नियम इथे फार काटेकोर आहेत. मुख्य मेसेज इंग्रजीतल्या लहान (लोअरकेस) अक्षराने सुरू होतो आणि शेवटी पूर्णविराम नसतो. ‘डिटेल’ आणि ‘हिंट’ मात्र पूर्ण वाक्यं, मोठ्या अक्षराने सुरू होणारी आणि पूर्णविरामाने संपणारी. वाक्याचे तुकडे जोडून मेसेज तयार करायला सक्त मनाई आहे, कारण हे मेसेज अनेक भाषांत जातात आणि ‘टेबल’ किंवा ‘इंडेक्स’ हा शब्द मध्ये चिकटवला की दुसऱ्या भाषेत वाक्याचं व्याकरण कोसळतं. क्रियापद शेवटी टाकणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं पटवून द्यायला नको.

टेस्ट जोडल्याशिवाय पॅच पूर्ण होत नाही. साध्या एसक्यूएल वर्तनासाठी ‘रिग्रेस’ फोल्डरमध्ये एक एसक्यूएल फाइल आणि अपेक्षित उत्तराची एक फाइल असते. दोन्हींत फरक पडला की ‘रिग्रेशन डिफ्स’ फाइलीत तो दिसतो. अनेक सेशनमधल्या लॉकच्या भानगडींसाठी ‘आयसोलेशन’ टेस्ट, आणि सर्व्हर बंद-चालू करणं किंवा रेप्लिकेशन यांसाठी पर्लमध्ये लिहिलेल्या ‘टॅप’ टेस्ट. डॉक्युमेंटेशनही त्याच पॅचमध्ये हवं. ‘नंतर लिहीन’ म्हणणाऱ्यांचा अनुभव प्रकल्पाने पुरेसा घेतलेला आहे.

सिस्टिम कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या माहितीच्या टेबलांत, नवी नोंद करत असाल तर तिचा ओआयडी (ओळख-क्रमांक) ८००० ते ९९९९ या पट्ट्यातून घ्या. तो विकासातल्या पॅचसाठी राखून ठेवलाय आणि नंतर क्रमांक बदलले जातात. कॅटलॉगचा आवृत्ती-क्रमांक मात्र तुम्ही वाढवू नका. तो कमिटर शेवटी वाढवतो. तुम्ही वाढवलात तर मास्टरवर दुसऱ्या कुणी तो बदलला की दर वेळी तुमचा पॅच लागेनासा होतो.

जे प्रश्न येणारच

नवख्याला सगळ्यात जास्त दचकवतात ते हे प्रश्न, म्हणून त्यांची उत्तरं पाठवण्याआधीच तयार ठेवलेली बरी.

पहिला प्रश्न क्रॅशचा. नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर काय होईल? डिस्कवर काही लिहिणारा पॅच असेल तर त्याची नोंद डब्ल्यूएएलमध्ये (बदल आधी टिपून ठेवणाऱ्या नोंदवहीत) जाते का, आणि ती पुन्हा वाचून तीच स्थिती उभी राहते का, हे दाखवावं लागतं. सर्व्हर ‘इमीजिएट’ पद्धतीने बंद करून पुन्हा उठवला की रिकव्हरीची तालीम होते. स्टँडबाय सर्व्हरवर (मुख्य सर्व्हरची प्रत सांभाळणाऱ्या) काय घडतं तेही बघा. या बाबतीत लोक इतके हळवे का, त्याचं एक कारण २०१८ मध्ये पुन्हा दिसलं. एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरवायला सांगणारा सिस्टिम कॉल) अपयशी झाल्यावर तेच पुन्हा केलं की लिनक्सवर यश मिळाल्याचा भास होतो आणि लिहायचा राहिलेला डेटा हरवलेला असू शकतो, हे तेव्हा लक्षात आलं. फेब्रुवारी २०१९ च्या दुरुस्ती आवृत्त्यांपासून पोस्टग्रेस अशा वेळी पुन्हा प्रयत्न करत बसत नाही. तो पॅनिक करून थांबतो आणि डब्ल्यूएएलवरून उभा राहतो. एका सिस्टिम कॉलच्या अर्थावरून एवढं रामायण झालेल्या ठिकाणी ‘असं सहसा होत नाही’ हे उत्तर चालत नाही.

दुसरा, पीजीडम्पचा, म्हणजे डेटाबेसची बॅकअप फाइल काढणाऱ्या साधनाचा. नवा पर्याय, नवी डीडीएल (टेबल वगैरे घडवणारी कमांड), नवा गुणधर्म आणला तर तो डम्पमध्ये उतरतो का आणि परत भरताना जसाच्या तसा येतो का? पीजीअपग्रेडने जुन्या आवृत्तीतून नव्यात जाताना काय होतं? हे विसरलेले पॅच सर्रास दिसतात, कारण लिहिणाऱ्याच्या डोक्यात फक्त त्याची नवी कमांड असते.

तिसरा, लॉकचा. तुमची कमांड कोणत्या पातळीचा लॉक घेते, आणि त्याहून हलका का चालणार नाही? किंवा उलटं, एवढा हलका लॉक कसा पुरेल? दुसऱ्या सेशनने त्याच वेळी तो कॉलम काढून टाकला तर?

चौथा, वेगाचा: सगळ्यांच्या क्वेरी थोड्या तरी हळू होतात का? तुमची सुविधा न वापरणाऱ्याने तिचा भार उचलू नये, अशी इथली ठाम भूमिका आहे. वेगाचा दावा असेल तर आकडे द्या आणि ते कसे काढले तेही द्या. कॅसर्टसह बिल्ड केलेल्या सर्व्हरवर मोजलेला वेग कवडीमोलाचा, कारण त्या तपासण्यांनीच सर्व्हर मंदावलेला असतो. साधं ऑप्टिमाइझ केलेलं बिल्ड घ्या, मूळ आणि पॅच लावलेला कोड आलटून-पालटून पीजीबेंच या वेग मोजणाऱ्या साधनाने बराच वेळ पळवा, प्रत्येक फेरीचा आकडा द्या. दोन फेऱ्यांमध्येच मोठा फरक पडत असेल तर त्याहून कमी सुधारणेचा दावा कुणी मानणार नाही. जिथे तोटा होतो असं उदाहरण स्वतःच शोधून दिलंत तर तुमच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो.

आणि पाचवा नेहमीचा: यासाठी नवी सेटिंग कशाला? सेटिंगला तिथे ‘गुक’ म्हणतात आणि नवा गुक म्हटलं की कपाळावर आठ्या पडतात. लेखकाला जो निर्णय घेता आला नाही तो वापरणाऱ्याच्या गळ्यात मारला, असा त्याचा अर्थ लावला जातो. गुक खरंच हवा असेल तर कोणत्या परिस्थितीत कोणता आकडा ठेवावा हे दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. ते जमत नसेल तर तो काढून टाका.

पाठवणं

कमिट संदेश नीट लिहून ‘गिट फॉरमॅट-पॅच’ चालवा आणि आवृत्तीचा क्रमांक द्या, म्हणजे फाइलीच्या नावापुढे ‘व्ही१’ लागतं. बदल मोठा असेल तर त्याचे तुकडे करा: आधी फक्त कोडची फेरमांडणी, मग खरी सुविधा. प्रत्येक तुकड्यानंतर बिल्ड आणि टेस्ट पास झाल्या पाहिजेत. पुढच्या वेळी एखादाच तुकडा बदलला तरी व्ही२ म्हणून सगळी मालिका पुन्हा जोडायची. सहा मेलमधून तुकडे गोळा करायला कुणालाही आवडत नाही, आणि आपोआप पॅच उचलणाऱ्या यंत्रणेला तर ते जमतच नाही.

हॅकर्स लिस्टचं सदस्यत्व घ्या, साध्या मजकुराचा मेल लिहा, विषयात काम काय ते लिहा. मग कमिटफेस्टच्या यादीत खातं उघडून त्या मेल-साखळीसह पॅचची नोंद करा. ही नोंद राहिली तर पॅच लिस्टच्या पुरात वाहून जातो. नोंद झाली की ‘सीएफबॉट’ तो उचलतो, वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर बिल्ड करतो आणि टेस्ट चालवतो. तुमच्या लिनक्सवर हिरवं दिसणारं काही वेळा विंडोजवर लाल होतं. ते लाल दिसत असताना कुणी तपासायला घेईल अशी अपेक्षा ठेवू नका.

कॉपीराइट सोपवण्याचा कागद वगैरे इथे नसतो. तरी नोकरीत लिहिलेला कोड असेल तर कंपनीची परवानगी आधी घ्या. पुण्यात हे विचारायला माणसं सापडतात. एंटरप्राइझडीबीसारख्या पोस्टग्रेसवरच काम करणाऱ्या कंपनीचं तिथे मोठं कार्यालय आहे.

चर्चेत टिकून राहणं

उत्तर देताना मूळ मेलमधला हवा तेवढाच मजकूर ठेवून त्याच्या खाली आपलं लिहायचं, आणि ‘रिप्लाय ऑल’ करायचं. वरती उत्तर आणि खाली अख्खं पुराण ही कार्यालयीन सवय इथे खटकते. तपासणाऱ्याच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्या: केलं, किंवा नाही केलं आणि का. एखादा मुद्दा गुपचूप गिळला तर तो पुढच्या फेरीत व्याजासकट परत येतो. न पटलेली गोष्ट मान्य करायची गरज नाही. ‘सर म्हणतात म्हणजे बरोबर’ ही आपल्याकडची सवय तर इथे अंगाशी येते, कारण ज्येष्ठ माणूस अनेकदा फक्त शंका काढत असतो आणि तुमच्याकडून प्रतिवादाची वाट बघत असतो. त्याचं बोलणं कोरडं वाटेल. ‘हे चूक आहे’ म्हणजे कोड चूक आहे, एवढंच.

दोन अनुभवी लोक एकमेकांविरुद्ध मतं देतील असंही होतं. मग घाईने व्ही५ काढू नका. दोन्ही मतं चार ओळींत मांडा, तुमचा कल सांगा आणि विचारा. नावावरून वाद सुरू झाला तर मात्र पटकन मान तुकवावी. फंक्शनच्या नावासाठी तीन आठवडे घालवण्यात काही अर्थ नाही.

सगळ्यात अवघड असते ती शांतता. आठवडे जातात, कुणी काही बोलत नाही. याचा अर्थ नकार असा नसतो. दोन-तीन आठवड्यांनी रिबेस केलेली नवी आवृत्ती जोडून सौम्य आठवण करा, आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणाचा पॅच तपासा. ज्याला तुम्ही मदत केलीत तो बऱ्याचदा तुमच्याकडे वळून बघतो.

कॅलेंडर डोक्यात असू द्या. नव्या सुविधांचं दार एप्रिलच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस बंद होतं, मे महिन्यात बीटा येते, आवृत्ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. सतरावी २६ सप्टेंबर २०२४ ला आली, अठरावी २५ सप्टेंबर २०२५ ला. मोठा पॅच पहिल्यांदा मार्चमध्ये आणणं म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणं. जुलैमध्ये आणा. बग दुरुस्तीला हे बंधन नसतं. ती जुन्या, सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांमध्येही उतरवली जाते आणि फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या दुरुस्ती आवृत्त्यांतून लोकांपर्यंत पोचते. तिथे डिस्कवरची मांडणी बदलता येत नाही, म्हणून जुन्या ब्रँचसाठी कधी वेगळा पॅच लिहावा लागतो.

‘रिटर्न्ड विथ फीडबॅक’ असा शिक्का बसला तर साखळी मेलेली नसते. सुधारणा करून त्याच साखळीवर नवी आवृत्ती जोडा आणि पुढच्या कमिटफेस्टमध्ये नोंदवा.

कमिट झाल्यावर

एके दिवशी कमिटरचा एका शब्दाचा मेल येतो: ‘पुश्ड’. बहुधा त्याने कॉमेंट आणि संदेश थोडे बदललेले असतात. ते बारकाईने वाचा, पुढच्या पॅचसाठी तेवढी शिकवणी फुकट मिळते. गिटमध्ये लेखक म्हणून सहसा कमिटरचंच नाव दिसतं. तुमचं नाव संदेशाच्या तळाशी ‘ऑथर’ या ओळीत असतं, तपासणाऱ्यांची ‘रिव्ह्यूड-बाय’मध्ये, आणि त्याखाली चर्चेचा दुवा.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस मेल उघडा ठेवा. ‘बिल्डफार्म’मधली स्वयंसेवकांची मशीनं आता हा कोड तऱ्हेतऱ्हेच्या प्रोसेसरवर, जुन्या कंपायलरवर, वेगवेगळ्या लोकॅलमध्ये (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगमध्ये) चालवतात. प्रत्येक मशीनला एका प्राण्याचं नाव असतं. सरड्याच्या जातीतलं ‘स्किंक’ हे नाव असलेलं मशीन व्हॅलग्रिंड या मेमरी तपासणाऱ्या साधनाखाली टेस्ट चालवतं आणि मेमरीतल्या अशा चुका पकडतं ज्या तुमच्या लॅपटॉपवर कधीच दिसल्या नसत्या. एखादा प्राणी लाल झाला तर लॉग उघडा, कारण शोधा आणि शक्य तितक्या लवकर त्याच साखळीवर दुरुस्तीचा छोटा पॅच टाका. भारतातल्या माणसाला इथे एक फायदा असतो: अमेरिकेतला कमिटर रात्री कमिट करून झोपला, तर तो उठेपर्यंत तुमचा पूर्ण दिवस हाताशी असतो.